आमच्या गावात कॅन्सर वाढलाय का?

जुलै २०२५ मधली गोष्ट. गुरुवारी रात्री डिप्लॉयमेंटचा कॉल चालू होता आणि नेहमीप्रमाणे लांबला होता. तेवढ्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतभावाने एक मेसेज टाकला. 'हिंगोली जिल्ह्यात साडेचौदा हजार महिलांना कॅन्सर!!!' खाली हात जोडलेले पाच-सहा इमोजी. दोन मिनिटांत आप्पांचा फोन. कॉल म्यूट केला आणि घेतला.

"वाचलास का? मी काय सांगत होतो दोन वर्षांपासून?"

आप्पा खरंच दोन वर्षांपासून सांगत होते. आमच्या जवळा बाजारात कॅन्सर लई वाढलाय, हे त्यांचं ठाम मत. कारणही ठरलेलं, फवारणी. सोयाबीनवर फवारा, कापसावर फवारा, हळदीवर फवारा, मग माणसाला काय होणार? मी दर वेळी "आप्पा, असं नसतं" एवढंच म्हणायचो आणि विषय बदलायचो. या वेळी म्हटलं, चला, एकदा सोक्षमोक्ष लावूनच टाकू. तसाही वीकेंडला घरी जाऊन बरेच दिवस झाले होते. आणि खरं सांगायचं तर दोन रात्री जागून स्टॅटिस्टिक्सचं वाचलेलं कुणालातरी ऐकवायचं होतं. ऑफिसात कोण ऐकतंय!

आधी मूळ बातमी शोधली. ती अशी: ८ मार्चला, महिला दिनाच्या दिवशी, जिल्ह्यात 'संजीवनी' नावाचं अभियान सुरू झालं. महिलांना प्रश्नावली देऊन लक्षणं विचारली. २,९२,९९६ महिलांनी उत्तरं दिली. त्यातल्या १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणं आढळली. पुढच्या तपासण्यांत तिघींना गर्भाशयमुखाचा, एकीला स्तनाचा आणि आठ जणींना तोंडाचा कॅन्सर निघाला. आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी ही माहिती विधिमंडळात दिली होती. म्हणजे १४,५४२ हा 'विचारल्यावर हो म्हणाल्या' असा आकडा आणि कॅन्सर ठरलेल्या बारा. फॉरवर्ड होता होता 'सदृश' हा शब्द कुठेतरी गळून पडला होता.

शुक्रवारी रात्रीची गाडी, सकाळी परभणी, तिथून एसटी. घरी पोचलो तर आप्पा ओसरीवर वही घेऊन तयार. अडतीवर वापरतात तसली लाल कापडी बांधणीची लांब वही. त्यात त्यांनी गावातल्या आणि भावकीतल्या कॅन्सर झालेल्या माणसांची यादी केली होती. नाव, कुठला कॅन्सर, कोणतं साल, आहे का गेलं. मला मनापासून कौतुक वाटलं. आमच्याकडे मॅनेजर लोक सुद्धा इतका नीट डेटा देत नाहीत.

चहा झाला आणि आम्ही दोघे यादीला भिडलो. पहिल्याच पानावर गंमत सुरू. एक माणूस दोनदा होता, एकदा टोपणनावाने आणि एकदा कागदावरच्या नावाने. आमच्या भाषेत डुप्लिकेट रेकॉर्ड. तीन जण वीस-वीस वर्षांपासून पुण्यात राहतात, गावात फक्त शेत. एक मावशी वसमतची. दोघांच्या पुढे नुसतं 'गाठ' लिहिलेलं. आणि साल बघितलं तर बहुतेक नावं गेल्या दहा वर्षांतली.

"बघ, पहिले नव्हताच," आप्पा म्हणाले.

"पहिले नव्हता का पहिले कळत नव्हता? आजोबांचे मोठे भाऊ कशाने गेले?"

"पोटात गोळा झाला होता."

"मग?"

आप्पा थोडे थांबले. मग म्हणाले, "त्याला कुठं डॉक्टरनं कॅन्सर म्हटलं?"

सगळा मुद्दा इथेच आहे. आम्ही सर्व्हरवर नवीन मॉनिटरिंग लावतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एररचा ग्राफ उभाच्या उभा वर जातो. मॅनेजर घाबरतो. एरर आधीही होत्या, कुणी मोजत नव्हतं. सोनोग्राफी आली, बायोप्सी आली, सरकारी योजनेतून ऑपरेशन होऊ लागलं, आणि 'गोळा', 'गाठ', 'अंगावरचं जाणं' या सगळ्यांना एकच नाव मिळालं. रोग तेवढाच राहिला तरी नोंद वाढते. (वाढलाच नाही असं मी म्हणत नाहीये. नुसत्या यादीवरून ते कळत नाही, एवढंच.)

मग मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार काढला. वरती अंश, खाली छेद. आप्पांकडे फक्त अंश होता. गावात माणसं किती, हेच बदलत गेलंय. आणि किती यापेक्षा कोणत्या वयाची, हे जास्त महत्त्वाचं. समजा दहा हजार वस्तीचं एक गाव आहे. पन्नाशीच्या पुढे लाखात ३०० जणांना वर्षाला कॅन्सर होतो आणि पन्नाशीच्या आत लाखात ३० जणांना. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. आधी गावात पन्नाशीपुढचे १,५०० आणि बाकी ८,५००. वर्षाला साधारण ७ केसेस होतील. आता माझ्यासारखी पोरं पुण्याला पळाली, म्हातारी माणसं जास्त जगायला लागली. पन्नाशीपुढचे झाले २,५००, बाकी ७,५००. केसेस होतात पावणेदहा. जवळपास ३८ टक्के वाढ! आणि तरीही एकाही माणसाचा धोका तसूभरही वाढलेला नाही. फक्त गाव म्हातारं झालं.

म्हणून रजिस्ट्रीवाले नुसता दर सांगत नाहीत, वयानुसार प्रमाणित केलेला दर सांगतात. प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढायचा आणि एका ठरलेल्या काल्पनिक लोकसंख्येचं वजन देऊन बेरीज करायची. ही लोकसंख्या जपानच्या सेगींनी १९६० मध्ये मांडली आणि १९६६ मध्ये रिचर्ड डॉल यांच्या मंडळींनी थोडी दुरुस्त केली. एक लाख माणसांचं हे गाव कुठेच अस्तित्वात नाही, पण जगभरचे कॅन्सरचे दर त्याच गावात नेऊन मोजतात. त्यात ५० ते ५४ वयाची ५,००० माणसं आहेत आणि ५५ ते ५९ ची ४,०००. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

"पण मागच्या वर्षी आपल्या आळीत एकदम पाच जण," आप्पा हार मानायला तयार नव्हते.

यावर माझं उत्तर तयारच होतं. समजा एखाद्या गावात वर्षाला सरासरी दोन केसेस होतात. तर निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी पाच किंवा जास्त होण्याची शक्यता साधारण ५ टक्के निघते. पॉयसाँचं सूत्र, इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीला घोकलं होतं आणि पेपर झाल्यावर विसरलो होतो. पाच टक्के म्हणजे अशी वीस गावं घेतली तर दर वर्षी त्यातल्या एखाद्या गावात हे होणारच. त्या गावातला माणूस म्हणणार, आमच्याच पाण्यात काहीतरी आहे. बाकीची एकोणीस गावं काहीच बोलत नाहीत, कारण बोलण्यासारखं काही घडलेलं नसतं. आणि आळीची हद्द तरी कोण ठरवतं? आधी गोटी थांबू द्यायची आणि मग तिच्याभोवती रिंगण आखायचं, असला हा खेळ. आप्पांच्या आळीत मारुतीच्या पलीकडची दोन घरंही आली होती. एरवी ती आमच्या आळीत नसतात, वर्गणीच्या वेळी तर नाहीच नाही :)

असो. मग मोजायचं कसं? यासाठी मराठवाड्याच्या जवळच एक फार भारी काम झालंय, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली, इंडियन कॅन्सर सोसायटीतर्फे, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. पण ते शहर. तिथे हॉस्पिटलं फिरून नोंदी गोळा करता येतात. खेड्यात माणूस हॉस्पिटलात जातच नाही, तर नोंद कुठून आणणार? १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. नर्गिस दत्त मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. नेने आणि टाटा मेमोरियलची माणसं. त्यांनी कार्यकर्ते गावोगाव पाठवले. माणसांशी बोलायचं, लक्षणं सांगायची, संशय आला तर तपासणीला आणायचं. म्हणजे नोंद येण्याची वाट बघायची नाही, नोंद शोधत जायचं. याचा परिणाम असा झाला की काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीच्या, बऱ्या होण्याजोग्या टप्प्यावर सापडू लागले. मोजायला गेले आणि मोजण्यानेच फरक पडला.

पुढे त्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर मोठी चाचणी झाली. गावांचे ५२ गट केले, काहींना एचपीव्ही टेस्ट, काहींना पॅप स्मिअर, काहींना व्हिनेगर लावून बघायची तपासणी, काहींना नेहमीची व्यवस्था. आठ वर्षांनी बघितलं तर एचपीव्ही टेस्टच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू आणि चाचणी न केलेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या टेस्टने धोका जवळपास निम्म्यावर! २००९ मध्ये हे 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं. आमच्या बाजूच्याच जिल्ह्यांतल्या बायका, आणि मला हे पुण्यात बसून इंग्रजी पेपरमधून कळलं.

देशाच्या नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ चा अहवाल बघितला. पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाणित दर मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात, लाखात २६९.४. सगळ्यात कमी उस्मानाबाद-बीडमध्ये, ३९.५. बायकांमध्येही सगळ्यात कमी तिथेच, ४९.४. हे वाचून आप्पांना म्हणालो, "बघा, आपला मराठवाडा सगळ्यात खाली आहे." पण त्याच अहवालात हिंगोलीची वेगळी नोंदणी नाही, ही गोष्ट मी जरा पटकन उरकली. आमच्या गावचा माणूस मुंबईला टाटात गेला तरी मुंबईच्या आकड्यात येत नाही, कारण नोंद राहत्या पत्त्यावर होते. म्हणजे तो तिथेही नाही आणि इथेही नाही. आणि छेदाचं तर विचारूच नका. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची ठरल्या वर्षी झालीच नाही, मग सगळे अंदाजपंचे.

जिथे सलग नोंद आहे तिथे मात्र 'वाढलाय का' याचं उत्तर देता येतं. मुंबईच्या १९७६ ते २००५ या तीस वर्षांच्या नोंदींवर एक अभ्यास आहे. प्रमाणित दराचा लॉग घ्यायचा, वर्षांसमोर मांडायचा, सरळ रेष बसवायची. रेषेच्या उतारावरून वर्षाला किती टक्के बदल ते निघतं. स्तनाचा कॅन्सर वर्षाला १.१ टक्के वाढत होता, गर्भाशयमुखाचा १.८ टक्के घटत होता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढ व्याज आहे हे. तीस वर्षांत एक जवळपास ३९ टक्के वर आणि दुसरा ४२ टक्के खाली. रेष मध्येच मोडत असेल तर कुठे मोडते ते शोधायला जॉइनपॉइंट नावाची पद्धत आहे. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने त्याचं सॉफ्टवेअर फुकट ठेवलंय. मोड खरा का नुसता थरथराट, हे ते डेटा हजारो वेळा पिसून तपासतं. मी उतरवून घेतलं, पण आप्पांच्या वहीवर चालवायला हात धजेना.

सगळ्यात मजेशीर भानगड वय, काळ आणि पिढीची. दर का वाढला? माणसं म्हातारी झाली म्हणून, त्या काळात काही नवीन आलं म्हणून, की अमुक साली जन्मलेल्या पिढीचं जगणंच वेगळं म्हणून? आता चालू वर्षातून वय वजा केलं की जन्मसाल आलंच. तीन गोष्टी, पण दोन कळल्या की तिसरी आपोआप ठरते. त्यामुळे तिघींचा सरळ रेषेतला वाटा गणिताने वेगळा करताच येत नाही. कितीही डेटा आणा, कितीही मोठा सर्व्हर लावा. मला ही गोष्ट फार आवडली. लाचार करणारं गणित मला नेहमीच आवडतं.

तर अशी माझी बॅटिंग जोरात चालू होती. शेवटचा फटका म्हणून मी बारा भागिले २,९२,९९६ केलं. "लाखात चार. फक्त चार, आप्पा! आणि तुम्ही साडेचौदा हजार घेऊन बसलात."

आप्पांनी वही मिटली. तंबाखूची पुडी काढली आणि चुना मळत बसले. मी जिंकलो होतो.

"माझं बी नाव हाय त्यात," आतून आई म्हणाली.

"कशात?"

"त्या साडेचौदा हजारात."

भाकरी थापण्याचा आवाज चालूच होता. मी आत गेलो. आशाताई एप्रिलमध्ये कागद घेऊन आली होती म्हणे. तोंडात पांढरा चट्टा आहे का, तिखट झोंबतं का, जखम बरी होत नाही असं आहे का. आईने तिन्हींना हो म्हटलं होतं. पुढच्या तपासणीला बोलावलं होतं.

"मग?"

"मग काय. निंदणाचे दिवस होते नंतर. आन् दुखत नाही की काही."

"सांगितलं का नाही?"

"तू कॉलवर असतूस."

मी तिला तोंड उघडायला सांगितलं. मोबाईलच्या टॉर्चमध्ये डाव्या गालाच्या आत, मागच्या दाढेजवळ, चुन्याचं बोट पुसल्यासारखा चट्टा. रुपयाएवढा नाही, पण लहानही नाही. आई मिश्री लावते. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची, कुटायची आणि दात घासायला वापरायची. सकाळी एकदा म्हणतात, पण दिवसातून चार-पाच वेळा होतं. आजी लावायची, आत्या लावतात, आळीतल्या अर्ध्या बायका लावतात. त्या बारा जणींतल्या आठ जणींना तोंडाचा कॅन्सर होता. आठ! मी हा आकडा गुरुवारपासून दहा वेळा वाचला होता आणि एकदाही घरातल्या डब्याकडे बघितलं नव्हतं.

आणि माझा तो भागाकार. डेटाबेस शिकवताना पहिल्या आठवड्यात सांगतात की नल म्हणजे शून्य नव्हे. माहिती नाही आणि 'नाही' या दोन वेगळ्या गोष्टी. बारा हा त्या दिवसापर्यंत तपासणी पूर्ण होऊन निघालेला आकडा. माझी आई १४,५४२ मध्ये होती आणि पुढच्या रकान्यात तिचं काहीच नव्हतं, कारण ती गेलीच नव्हती. तिला मी ओसरीवर बसून शून्यात टाकलं आणि वर लाखात चार म्हणून आप्पांवर मिशीला पीळ दिला. अशा किती जणी गेल्या नाहीत, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

सोमवारी सुट्टी टाकली. मॅनेजरने कारण विचारलं तर नुसतं 'फॅमिली' म्हणालो. परभणीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काउंटरवरच्या मुलीने वय विचारलं. आई म्हणाली, "लिव पन्नास-पंचावन्न." आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६९. आमच्या गावात अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो. "तसं नाही," आई म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी मायच्या कडेवर होते, दीड वर्साची. खडी फोडायला जायची ती मला घेऊन." म्हणजे १९७१. आधारप्रमाणे ती छप्पन्नची, दुष्काळाप्रमाणे चौपन्नची. सेगींच्या गावात ती चार हजारांत बसायची की पाच हजारांत, ते एका दुष्काळावर ठरत होतं. मुलीने ५६ लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट बघितलं, बोटाने दाबून बघितलं, मानेतल्या गाठी चाचपल्या. म्हणाल्या, तुकडा काढून पाठवू. आठ दिवस लागतील. ते आठ दिवस मी कोणतंही सूत्र लावलं नाही. पांढऱ्या चट्ट्यांपैकी किती टक्क्यांचा पुढे कॅन्सर होतो, हे शोधायला ब्राउझर उघडला होता, पण आकडा दिसायच्या आत टॅब बंद केली. मी! ज्याने आप्पांना पॉयसाँ शिकवला.

रिपोर्ट आला. ल्युकोप्लेकिया, पण पेशी बिघडलेल्या नाहीत. म्हणजे कॅन्सर नाही, पुढे होऊ शकतो अशा जागेवर आहे. मिश्री पूर्ण बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आप्पांचंही तोंड त्यांनी तपासलं, ते गुपचूप मागे उभे होते. त्यांना दोन वाक्यं जास्त ऐकावी लागली.

घरी येताना एसटीत आईने विचारलं, "मग आता माझं नाव कुठल्या यादीत?"

मी म्हटलं, कुठल्याच नाही. नोंदणीत फक्त कॅन्सर ठरलेले धरतात.

"बरं झालं," ती म्हणाली आणि खिडकीतून सोयाबीन बघत बसली.

आता मी एक एक्सेल ठेवलंय. तारीख, आज मिश्री लावली का, हो किंवा नाही. माहितीचे स्रोत दोन, एक आई आणि दुसरे आप्पा. रोज रात्री फोनवर दोघांना वेगवेगळं विचारतो. नोव्हेंबरपर्यंत दोन्ही कॉलम बऱ्यापैकी जुळत होते. मग जुळेनासे झाले. आई सलग 'नाही' सांगतेय. गेल्या रविवारी आप्पांनी आवाज खाली आणून सांगितलं की ज्वारीच्या कोठीमागे नवीन डबा आहे, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नको. मी विचारलं, तुमची तंबाखू?

फोन कट झाला. बहुतेक रेंज गेली असेल.